जिवाणूच्या नावातला पशुवैद्य

लग्नाच्या किंवा सहलीच्या जेवणानंतर एकाच वेळी अनेकांना ताप, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू झाले, की ज्या जिवाणूंवर पहिला संशय जातो त्यांत ‘साल्मोनेला’ असतो. टायफॉइडचा जिवाणूही याच कुळातला. नावामुळे त्याचा संबंध साल्मन माशाशी असावा, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात हे नाव डॅनियल एल्मर साल्मन या अमेरिकी पशुवैद्यावरून पडले. गंमत अशी, की हा जिवाणू त्यांनी स्वतः शोधला नव्हता आणि ज्या रोगाचे कारण म्हणून तो जाहीर झाला, त्याचे ते कारणही नव्हते. तरीही सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात साल्मन यांचे स्थान पक्के आहे.

त्यांचा जन्म १८५० मध्ये न्यू जर्सी राज्यातला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. नातेवाइकाकडे वाढताना शेतावर आणि गावातल्या दुकानात काम करत त्यांनी शाळा पुरी केली. १८६८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात कॉर्नेल विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच्या पहिल्याच तुकडीत साल्मन दाखल झाले. तिथे जेम्स लॉ हे स्कॉटलंडहून आलेले पशुवैद्यकाचे प्राध्यापक त्यांना गुरू म्हणून लाभले.

त्या काळी अमेरिकेत जनावरांवरचे उपचार बहुधा नालबंद आणि ऐकीव औषधे देणाऱ्यांच्या हाती होते. काही शहरांत खासगी शाळा होत्या, पण तिथले अभ्यासक्रम थोड्या काळाचे असत. लॉ यांनी मात्र वैद्यकाच्या तोडीचा चार वर्षांचा अभ्यास आखला. साल्मन यांनी त्यातला शेवटचा काही काळ पॅरिसजवळच्या आल्फोर येथील नामांकित पशुवैद्यक विद्यालयात काढला आणि १८७२ मध्ये पदवी घेतली.

या शिक्षणाची गरज किती मोठी आहे, हे त्याच वर्षी साऱ्या देशाला कळले. १८७२ च्या शरद ऋतूत घोड्यांमध्ये इन्फ्लुएंझाची प्रचंड साथ पसरली. मालवाहतूक, ट्राम, बंदरे असे सगळे घोड्यांच्या जिवावर चालत असल्याने शहरे ठप्प झाली. नोव्हेंबरमध्ये बोस्टनला मोठी आग लागली, तेव्हा अग्निशमन दलाच्या माणसांना बंब स्वतः ओढत न्यावे लागले.

साल्मन यांनी काही वर्षे व्यवसाय केला, पण अभ्यास सोडला नाही. पुढील अध्ययनानंतर १८७६ मध्ये कॉर्नेलने त्यांना ‘डॉक्टर ऑफ व्हेटरनरी मेडिसिन’ ही पदवी दिली. अमेरिकेतल्या विद्यापीठाने दिलेली ही अशी पहिलीच पदवी. प्राण्यांच्या आजारांकडे विज्ञान म्हणून पाहणारा माणूस आता तयार होता. त्याला काम द्यायला मात्र देशात तशी संस्था नव्हती.

ती संस्था गुरांच्या एका साथीमुळे उभी राहिली. फुप्फुसाचा सांसर्गिक रोग अमेरिकी गुरांमध्ये काही दशके मूळ धरून होता. १८७९ मध्ये ब्रिटनने अमेरिकेतून येणाऱ्या जिवंत गुरांवर कडक अटी घातल्या आणि पशुपालकांचे मोठे नुकसान होऊ लागले. अखेर १८८४ मध्ये अमेरिकी संसदेने ‘ब्युरो ऑफ अ‍ॅनिमल इंडस्ट्री’ स्थापन केली. तिचा प्रमुख पशुवैद्यच असावा, असे कायद्यातच लिहिले होते आणि कर्मचारी होते जास्तीत जास्त २०. प्रमुखपदी आले साल्मन.

त्यांनी निवडलेला मार्ग कठोर होता: रोगी आणि संपर्कात आलेली गुरे शोधायची, गोठे बंद करायचे, जनावरे मारायची आणि मालकाला भरपाई द्यायची. दारात उभे असलेले जनावर मारू देणे कोणत्याही शेतकऱ्याला जड जाते, त्यामुळे विरोधही झाला. पण मोहीम नेटाने चालली आणि १८९२ मध्ये देश या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

दुसरे कोडे होते ‘टेक्सास ताप’. दक्षिणेतली धडधाकट दिसणारी गुरे उत्तरेत नेली, की तिथली स्थानिक गुरे मरू लागत. गोचीड हे त्याचे कारण आहे, असे अनुभवी पशुपालक म्हणत. विद्वान हसण्यावारी नेत. साल्मन यांनी रोगाच्या टापूची सीमारेषा नकाशावर आखली. त्यांच्या हाताखालचे थिओबाल्ड स्मिथ, फ्रेड किलबोर्न आणि कूपर कर्टिस यांनी या रोगाचा छडा लावला. लाल पेशींत राहणारा परजीवी गोचिडामार्फत पसरतो, हे १८९३ मध्ये स्मिथ आणि किलबोर्न यांनी प्रसिद्ध केले. कीटकांसारखे क्षुद्र जीव रोग वाहून नेतात, याचा हा भक्कम पुरावा होता. त्यानंतर चारच वर्षांनी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादमध्ये डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला.

साल्मोनेलाची गोष्टही याच प्रयोगशाळेतली. हॉग कॉलरा या डुकरांच्या साथीचा शोध घेताना १८८५ मध्ये स्मिथ यांनी एक जिवाणू वेगळा केला. प्रमुख या नात्याने निबंधावर साल्मन यांचे नाव आधी लागले. १९०० मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लिन्येर यांनी या कुळाला साल्मन यांचे नाव सुचवले आणि स्मिथ मागे राहिले. पुढे हॉग कॉलराचे खरे कारण विषाणू असल्याचे सिद्ध झाले. जिवाणू रोगी डुकरांत होता, पण साथीचे मूळ तो नव्हता.

या चुकीच्या वाटेवरही मोलाचे काही सापडले. उष्णतेने मारलेले जिवाणू टोचलेली कबुतरे नंतर जिवंत जिवाणूंनाही पुरून उरतात, हे १८८६ मध्ये साल्मन आणि स्मिथ यांनी दाखवले. लशीसाठी जंतू जिवंत असण्याची गरज नाही, हे यातून पुढे आले. त्याच वर्षी मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १८९७ मध्ये मुंबईतच हाफकिन यांनी प्लेगचे मारलेले जंतू वापरून लस बनवली, तीही याच तत्त्वावर.

शेवट मात्र सुखाचा नव्हता. मांसतपासणीची व्यवस्था साल्मन यांच्याच काळात उभी राहिली. तिची लेबले छापणाऱ्या व्यावसायिकाशी असलेल्या त्यांच्या भागीदारीवर आक्षेप घेतला गेला आणि १९०५ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. नंतर काही वर्षे उरुग्वेत माँटेव्हिडिओ येथे त्यांनी पशुवैद्यक विद्यालयाची धुरा वाहिली. १९१४ मध्ये मोंटाना राज्यात न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

आज साल्मोनेलाचे अडीच हजारांहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. टायफॉइडचा जिवाणू माणसाकडूनच माणसाला, दूषित अन्नपाण्यातून मिळतो. इतर बरेच प्रकार कोंबड्या, अंडी, मांस आणि न तापवलेल्या दुधातून येतात. म्हणून अंडी आणि चिकन आतपर्यंत शिजवावे, कच्च्या मांसाची सुरी आणि पाट धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नये, दूध उकळावे आणि हात साबणाने धुवावेत. जुलाब झाल्यास क्षारसंजीवनी सुरू करावी; रक्त पडत असेल, ताप उतरत नसेल किंवा रुग्ण बाळ अथवा वृद्ध असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. प्रतिजैविके मनाने घेऊ नयेत.

पण ही काळजी स्वयंपाकघराच्या खूप आधी, गोठ्यात आणि कोंबड्यांच्या शेडमध्ये सुरू होते. तिथला रोग वेळीच ओळखणारा शिकलेला माणूस हवा आणि त्याच्या पाठीशी संस्था हवी. साल्मन यांनी आधी स्वतः ते शिक्षण घेतले आणि मग ती संस्था चालवून दाखवली. जिवाणूला मिळालेल्या नावापेक्षा त्यांची ही कमाई मोठी आहे.