हसत हसत शिकवणारा चित्रकार

पुणे-मिरज लोहमार्गावर किर्लोस्करवाडी नावाचे एक स्थानक आहे. हे गाव आज सांगली जिल्ह्यात येते. १९१० साली मात्र तेथे गाव नव्हते. होता तो निवडुंगाने भरलेला एक उजाड माळ. हा माळ औंध संस्थानात मोडत असे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना ही जागा कारखान्यासाठी दिली. लक्ष्मणरावांनी व त्यांच्या सोबत्यांनी निवडुंग तोडला, घरे उभारली आणि तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. याच माळावर पुढे एका चित्रकाराने आपल्या टाकाने महाराष्ट्राला हसविले आणि हसविता हसविता विचार करावयास लावले. ते चित्रकार म्हणजे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर.

शंकररावांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ रोजी सोलापूर येथे झाला. लहानपणापासून त्यांना चित्रकलेची ओढ होती. त्या कलेचे शिक्षण घेण्यासाठी ते मुंबईस आणि दूर लाहोरासही गेले. परंतु शिक्षण संपल्यावर ते आले ते नांगरांच्या कारखान्यात! जेथे दिवसभर लोखंड वितळे आणि घणांचे आवाज घुमत, तेथे चित्रकाराचे काय काम, असे कोणासही वाटले असते. तथापि नांगर तयार करणे जितके अवघड, तितकेच तो शेतकऱ्याच्या गळी उतरविणेही अवघड होते. लोखंडाच्या फाळाने जमीन नासते, अशी समजूत तेव्हा पुष्कळांच्या मनात घर करून होती. ती दूर करावयाची, तर नव्या अवजाराची ओळख लोकांना सोप्या शब्दांत व बोलक्या चित्रांतून करून द्यावयास हवी होती. कारखान्याच्या जाहिरातींचे हे काम शंकररावांनी अंगावर घेतले.

१९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. आरंभी त्यात कारखान्याची व अवजारांची माहिती असे. हळूहळू उद्योगधंदे, विज्ञान, आरोग्य, कथा असे नाना विषय त्यात येऊ लागले. पुढे या मासिकाचे नाव नुसते ‘किर्लोस्कर’ असे झाले. १९३० साली त्यांनी स्त्रियांसाठी ‘स्त्री’ आणि १९३४ साली तरुणांसाठी ‘मनोहर’ ही मासिके काढली. एका लहानशा वाडीत छापलेली ही मासिके महाराष्ट्रातील घरोघरी वाचली जाऊ लागली.

या मासिकांतून शंकररावांची व्यंगचित्रे प्रसिद्ध होत. व्यंगचित्र म्हणजे एखाद्याचे नाक मोठे काढून केलेली नुसती थट्टा नव्हे. समाजातील व्यंग नेमके हेरून ते चार रेषांत दाखविणे, हे त्याचे खरे काम. अस्पृश्यता, अंधश्रद्धा, निरर्थक रूढी, ढोंग यांवर शंकररावांनी आपला टाक चालविला. त्या काळी टाक दौतीत बुडवून लिहीत व चित्रे काढीत. म्हणूनच त्यांनी आपल्या व्यंगचित्रांच्या संग्रहास ‘टाकांच्या फेकी’ असे समर्पक नाव दिले.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. मासिक कारखान्यातून निघे आणि त्याचे कितीतरी वाचक जुन्या चालीरीती मानणारे होते. ते रागावले, तर मासिकाची मागणी घटण्याची भीती होती. नुसती करमणूक करून सर्वांना खूश ठेवणे शंकररावांना सहज जमले असते. परंतु जे अन्यायाचे आहे, त्यावर बोट ठेवावयाचेच, असा त्यांचा निर्धार होता.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. कागद मिळणे दुरापास्त झाले. तरीही त्यांची मासिके बंद पडली नाहीत. त्याच सुमारास इंग्लंडात बाहेरून येणारे अन्न कमी पडू लागले. तेव्हा लोकांनी परसात, बागेत, मोकळ्या जागेत भाजीपाला पिकवावा, म्हणून तेथील सरकारने मौजेची चित्रे काढवून घेतली. कोठे बटाटा टोपी घालून ऐटीत चाले, तर कोठे गाजर डॉक्टर होऊन, चष्मा लावून, हाती पेटी घेऊन येई. चित्र पाहून लोक हसत आणि हसता हसता कुदळ हाती घेत. आपल्या देशातही त्या काळी अधिक धान्य पिकविण्याची मोहीम निघाली होती. हसऱ्या चित्राकडून असे मोलाचे काम करून घेता येते, हे शंकररावांनी युद्धापूर्वीच ओळखले होते. इंग्लंडातील चित्रे परसातील माती उकरावयास सांगत. शंकररावांची चित्रे मनाची मशागत करीत.

१ जानेवारी १९७५ रोजी शंकररावांचे निधन झाले. कारखान्यातील नांगराने माळरानातील निवडुंगाची मुळे उपटली. शंकररावांच्या टाकाने समाजातील वाईट रूढींची मुळे सैल केली. कोणाच्याही मनात वैर न पेरता चूक दाखवून देता येते, हा त्यांच्या चित्रांचा धडा आहे.