सफरचंदवाला न्यूटन ३१ वर्षं टांकसाळीत नाण्यांमधली खोट शोधत होता

न्यूटन म्हटलं की आठवतं सफरचंद, गुरुत्वाकर्षण आणि शाळेत घोकलेले गतीचे तीन नियम. पण आयुष्याची शेवटची ३१ वर्षं हा माणूस कुठे नोकरी करत होता, हे फार कमी जणांना माहीत असतं. आयझॅक न्यूटन लंडनच्या सरकारी टांकसाळीत होता. तिथे त्याच्यासमोर रोजचा प्रश्न एकच होता, नाणं खरं कशाला म्हणायचं?

केंब्रिज सोडून टांकसाळीत

न्यूटनचा जन्म १६४२ चा, इंग्लंडमधल्या वूल्सथॉर्प गावातला. जन्माआधीच वडील गेले होते. पुढे तो केंब्रिजमध्ये प्राध्यापक झाला आणि १६८७ साली 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ आला. जग त्याला ओळखू लागलं.

त्याची एक बाजू मात्र झाकलेली होती. केंब्रिजमध्ये तो वर्षानुवर्षं भट्टी पेटवून किमयेचे प्रयोग करायचा. धातू वितळवणं, मिसळणं, वेगळे करणं यात त्याचा हात बसला होता.

१६९६ साली चार्ल्स माँटेग्यू या मंत्र्याने त्याला टांकसाळीचा वॉर्डन केलं. पद मानाचं, पगार चांगला आणि काम जवळपास नाही, असा तेव्हाचा समज होता. न्यूटनने मात्र ते मनावर घेतलं.

देशाचा पैसाच झिजला होता

तेव्हा इंग्लंडमधली जुनी चांदीची नाणी हातोड्याने ठोकून बनवलेली असायची. कडा ओबडधोबड. लोक त्या कडा कात्रीने कापायचे, चांदी ठेवून घ्यायचे आणि नाणं पुढे सरकवायचे. कित्येक नाण्यांत निम्मीच चांदी उरली होती. व्यापारी नाणी घ्यायला कुरकुरत होते, त्यात फ्रान्सशी युद्ध सुरू होतं.

उपाय एकच होता. जुनी नाणी गोळा करायची, वितळवायची आणि कडेवर खाचा किंवा अक्षरं असलेली यंत्राची नाणी पाडायची. कड कापली की लगेच दिसणार.

हे काम न्यूटन येण्याआधी सुरू झालं होतं, पण रखडत चाललं होतं. ३०० च्या आसपास कामगार, पत्रे लाटणारी यंत्रं ओढायला ५० घोडे आणि पहाटे चार ते मध्यरात्र असा दिवस. न्यूटनने एकेका कामाला किती वेळ लागतो याचा हिशेब मांडला. मोहीम संपेपर्यंत ६५ लाख पौंडांहून जास्त किमतीची चांदीची नाणी नव्याने पाडली गेली.

बनावट नाणी पाडणाऱ्यांना पकडणं हेही वॉर्डनचंच काम होतं. न्यूटनने साक्षीदार शोधले, जबान्या घेतल्या. विल्यम शॅलोनर हा त्यातला सगळ्यात हुशार आरोपी. त्याने तर टांकसाळच भ्रष्ट असल्याचा आरोप केला होता. १६९९ मध्ये त्याला फाशी झाली. त्याच वर्षाच्या शेवटी न्यूटन टांकसाळीचा मास्टर, म्हणजे प्रमुख झाला.

न्यूटनचं सोनं कमअस्सल?

टांकसाळीतल्या नाण्यांचे नमुने एका कुलूपबंद पेटीत जमा व्हायचे. ठरावीक काळाने सोनारांची समिती त्यांचा कस तपासायची. समोर सरकारने ठरवलेली नमुन्याची पट्टी असायची, तिच्याशी तुलना.

तपासणी कशी व्हायची? धातूचा तुकडा तोलायचा, शिशासोबत हाडांच्या राखेच्या वाटीत तापवायचा. हिणकस धातू शिशाबरोबर वाटीत शोषला जातो, सोनं-चांदी मागे राहते. मग नायट्रिक ॲसिडने चांदी काढून टाकायची आणि उरलेलं सोनं तोलायचं.

१७१० च्या तपासणीत न्यूटनची सोन्याची नाणी पट्टीपेक्षा हिणकस ठरली. आरोप साधा नव्हता. राणीच्या नाण्यात खोट म्हणजे थेट मास्टरच्या प्रामाणिकपणावर बोट.

न्यूटन भडकला आणि पुन्हा भट्टीकडे वळला. प्रयोगांवरून त्याने दाखवलं की नाणी ठीक आहेत, १७०७ साली बनवलेली पट्टीच ठरल्यापेक्षा जास्त शुद्ध झाली आहे. चूक मापातच होती. पुढे ती पट्टी बाजूला पडली आणि १६८८ ची जुनी पट्टी परत वापरात आली.

तांब्याची डोकेदुखी

सोन्या-चांदीचा कस मोजता यायचा, तांबं मात्र वेगळाच त्रास द्यायचं. नीट शुद्ध न केलेलं तांबं ठिसूळ असतं. आत मळ किंवा हवा अडकली असेल, तर पत्रा लाटताना तो भाग सपाट होऊन थरासारखा लपून बसतो. नाणं पाडल्यावर किंवा वापरात आल्यावर पापुद्रा सुटतो, कधी चकतीलाच चीर जाते. आज संग्राहक अशा सदोष नाण्यांना जास्त पैसे मोजतात. टांकसाळीसाठी मात्र ती नामुष्कीच.

न्यूटनची कसोटी सोपी होती. तांबं लालबुंद तापवा आणि हातोड्याने पातळ होईपर्यंत ठोका. तडा गेला नाही, तर माल चांगला.

१७२४ मध्ये याच कसोटीवर एक मोठं राजकीय भांडण आलं. विल्यम वूड या कारखानदाराला आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडायचा परवाना मिळाला होता. आयरिश लोक संतापले होते, कारण निर्णय त्यांना न विचारता झाला होता. नाणी टांकसाळीत आली. ८१ वर्षांच्या न्यूटनने दोन सहकाऱ्यांसह अहवाल दिला. एकेका नाण्याचं वजन कमी-जास्त होतं, पण तांबं कसोटीला उतरलं होतं.

तरीही वाद मिटला नाही. लेखक जोनाथन स्विफ्टने टोपणनावाने पत्रकं काढून विचारलं की, तपासलेले नमुने वूडनेच निवडून दिले असतील तर त्या तपासणीला अर्थ काय? लोकांनी नाणी नाकारली आणि १७२५ मध्ये परवाना मागे घ्यावा लागला.

धातूतली खोट न्यूटन भट्टीत आणि तराजूत पकडू शकत होता. नाण्यावरचा लोकांचा विश्वास मात्र कुठल्याच तराजूत बसत नव्हता, आणि बाजारात नाणं चालतं ते दोन्ही असलं तरच.

१७२७ मध्ये न्यूटनचं निधन झालं. तेव्हाही तो टांकसाळीचा मास्टर होता.