बाळाच्या घरघरीचे मूळ शोधणारा धन्वंतरी

तान्ह्या बाळाचा श्वास सतत घरघरत राहिला, की ओझरसारख्या गावात काय आणि पुण्यात काय, घरची मंडळी ‘छाती भरली’ असे म्हणून मोकळी होतात. एके काळी डॉक्टरांनाही अंदाजावरच विसंबावे लागे. त्या अंदाजाची जागा प्रत्यक्ष तपासणीला मिळवून देणाऱ्यांत अमेरिकेचे डॉ. शेव्हेलियर जॅक्सन अग्रणी होते.

जॅक्सन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८६५ रोजी पिट्सबर्ग येथे झाला. काचेवर आणि चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या जेफर्सन मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी त्याच शहरातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी यांनी पदवी मिळवली. अवघ्या दहा दिवसांचे मूल गमावल्याचे दुःख त्यांच्या वैद्यकीय शिक्षणामागे होते. १९३५ मध्ये जॅक्सन याच महिला महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले.

श्वासनलिकेत दुर्बीण घालण्याचा प्रयोग जर्मनीच्या गुस्ताव्ह किलियान यांनी १८९७ मध्ये यशस्वी केला होता. जॅक्सन यांनी नळीच्या आतल्या टोकाशी इवलासा दिवा बसवला आणि मुलांच्या अरुंद श्वासमार्गासाठीही उपकरणे घडवली. गिळलेल्या किंवा श्वासात गेलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेर काढल्या. पिना, नाणी, बटणे असा हा संग्रह फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात आहे.

घरघर म्हणजे दरवेळी दमा नव्हे, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. अचानक सुरू झालेली, छातीच्या एकाच बाजूला ऐकू येणारी घरघर अडकलेल्या दाण्याचीही असू शकते. जन्मानंतर काही आठवड्यांत सुरू होणारा आणि उताणे झोपल्यावर वाढणारा आवाज बहुधा स्वरयंत्राच्या मऊपणामुळे येतो. श्वास घेताना तेथील सैल भाग आत ओढले जातात. १९४२ मध्ये या विकाराला ‘लॅरिंगोमलेशिया’ हे नाव जॅक्सन पिता-पुत्रांनीच दिले. बहुतेक बाळांत तो दीड-दोन वर्षांत आपोआप बरा होतो. मात्र छाती आत ओढली जाणे, दूध न पिणे, वजन न वाढणे ही लक्षणे दिसल्यास तपासणी तातडीने व्हावी लागते. ओठ निळे पडल्यास तर क्षणाचाही विलंब परवडत नाही.

क्षयाने वारंवार अंथरुणाला खिळूनही जॅक्सन यांनी लेखन आणि अध्यापन सोडले नाही. दाहक रसायनांच्या डब्यांवर धोक्याची सूचना छापण्याचा १९२७ चा अमेरिकी कायदा त्यांच्याच पाठपुराव्याचे फळ होय. १६ ऑगस्ट १९५८ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आवाज हे केवळ लक्षण असते, रोग त्यामागे दडलेला असतो, हा त्यांचा धडा आजही बालरोगतज्ज्ञांना मार्ग दाखवतो.