हाडाची राख

कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात रसायनशास्त्राचा तास चालू असे. मेजावर ज्वाळेत हाडाचा एक तुकडा जळत असे. तो जळून पांढरा झाला, की प्राध्यापक त्याची पूड करीत आणि त्यातील चिमूटभर सर्वांसमक्ष स्वतःच्या तोंडात टाकीत. हे प्राध्यापक म्हणजे आचार्य प्रफुल्लचंद्र राय.

समोरचे अनेक विद्यार्थी हाडाचा स्पर्शही विटाळ मानणाऱ्या घरांतून आलेले होते. प्रफुल्लचंद्र त्यांच्याशी वाद घालीत नसत. हाड जाळले म्हणजे त्यातील चरबी व इतर सेंद्रिय द्रव्ये नाहीशी होतात आणि मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट हा क्षार उरतो. मग ते हाड मुळात कोणत्या प्राण्याचे होते, या प्रश्नाला अर्थ उरत नाही. हे शब्दांत सांगून पटले नसते. गुरूने राख चाखली, तेव्हा पटले.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी आजच्या बांगलादेशातील राडुली या गावी झाला. शिक्षणासाठी ते कोलकात्यास आले. परंतु १८७४ मध्ये आमांशाने गाठले आणि शाळा सुटली. सुमारे दोन वर्षे ते वडिलांच्या संग्रहातील ग्रंथ वाचून घरीच शिकले. पुढे प्रेसिडेन्सीत रसायनशास्त्राची व्याख्याने ऐकताना तेथील प्रयोगांनी त्यांना वेड लावले. एका सहाध्यायाच्या बिऱ्हाडी त्यांनी छोटी प्रयोगशाळाच थाटली. कल्हईच्या पातळ पत्र्याचे उपकरण करवून त्यात ऑक्सिजन व हायड्रोजन वायू पेटवण्याचा खटाटोप केला, तो मोठा स्फोट झाला! दोघेही बचावले, हे रसायनशास्त्राचे भाग्यच म्हणायचे.

१८८७ मध्ये एडिंबरा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते परतले. तरीही १८८९ मध्ये त्यांना प्रेसिडेन्सीत दरमहा अडीचशे रुपयांची दुय्यम जागा मिळाली, कारण शिक्षण खात्यातील वरच्या जागा बहुधा इंग्रजांसाठीच राखलेल्या असत. ही खंत उराशी धरून ते बसले नाहीत. बाजारात मिळणारे तूप आणि मोहरीचे तेल प्रयोगशाळेत आणून त्यांतील भेसळ त्यांनी तपासली. खाटकांकडून हाडे आणून घराच्या गच्चीवर वाळत घातली; कावळे ती पळवून शेजाऱ्यांच्या घरांवर टाकू लागले, तेव्हा शेजारी संतापले. अशा खटपटीतूनच पुढे बेंगॉल केमिकल हा औषधांचा स्वदेशी कारखाना उभा राहिला.

नावलौकिक झाल्यावरही नवख्या विद्यार्थ्यांचे वर्ग ते आवर्जून घेत. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे पुढे विख्यात झालेले शास्त्रज्ञ त्यांचेच विद्यार्थी. १९१६ मध्ये ते विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात गेले आणि तेथल्याच एका खोलीत राहू लागले. साठी उलटल्यावर आपले वेतन त्यांनी विद्यापीठालाच दिले. १६ जून १९४४ रोजी त्याच खोलीत त्यांचे निधन झाले.