दुर्गाबाई खोटे

विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रतिष्ठित घराण्यातील स्त्रीने नाटकात अथवा चित्रपटात काम करणे महाराष्ट्रात अत्यंत कमीपणाचे समजले जाई. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नाही. अखेरीस साळुंके नावाच्या तरुणालाच लुगडे नेसून उभे राहावे लागले. पुढे एकोणीस वर्षांनी हीच तारामती एका सुशिक्षित, कुलीन स्त्रीने पडद्यावर साकारली. त्या म्हणजे दुर्गाबाई खोटे.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत लाड घराण्यात झाला. हे घराणे मूळचे गोव्याकडील. वडील पांडुरंग शामराव लाड हे मुंबईतील नामांकित सॉलिसिटर होते. दुर्गाबाईंचे शिक्षण कॅथीड्रल शाळेत व पुढे सेंट झेवियर महाविद्यालयात झाले. विश्वनाथ खोटे यांच्याशी विवाह होऊन त्या गिरगावातील एका संपन्न कुटुंबात आल्या. बकुल आणि हरिन असे दोन पुत्र त्यांना झाले.

परंतु सुखाचे दिवस फार काळ टिकले नाहीत. सासरचे वैभव पाहता पाहता ओसरले. माहेरी हात पसरणे दुर्गाबाईंच्या स्वाभिमानी वृत्तीला रुचेना. त्यांनी शिकवण्या केल्या. आणि १९३१ साली 'फरेबी जाल' या चित्रपटातील एक लहानशी भूमिका स्वीकारली. निर्मात्यांनी लाड आणि खोटे या घराण्यांच्या नावलौकिकाचा जाहिरातीसाठी मनसोक्त उपयोग केला. चित्रपट मात्र सामान्य निघाला. समाजात निंदेचा गहजब उडाला. दोन्ही कुळांना बट्टा लागल्याची बोलणी त्यांना निमूटपणे ऐकावी लागली.

दुसरी एखादी स्त्री या आघाताने कायमची मागे सरली असती. परंतु कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी 'अयोध्येचा राजा' या बोलपटात तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना बोलावले. दुर्गाबाईंनी धीर एकवटून होकार दिला. पार्श्वगायनाची सोय त्या काळी नव्हती. गाणीही स्वतःच म्हणावी लागत. मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काम करावयाचे होते. दुर्गाबाईंनी हे सारे कष्ट मनापासून केले. १९३२ साली चित्रपट प्रदर्शित झाला आणि कालपर्यंत नावे ठेवणारे लोकच त्यांची मुक्तकंठाने प्रशंसा करू लागले.

यानंतर त्यांनी मागे वळून पाहिले नाही. एकाच कंपनीशी मासिक पगाराने बांधून घेण्याची त्या काळची रीत मोडून त्यांनी कोल्हापूर, कलकत्ता, पुणे, मुंबई अशा ठिकठिकाणच्या संस्थांत काम केले. 'अमर ज्योती'मध्ये त्या अन्यायाविरुद्ध शस्त्र उचलणारी सौदामिनी झाल्या. १९४२ च्या 'भरत मिलाप'मध्ये त्या कैकेयी होत्या व त्यांच्या पुत्राची, भरताची, भूमिका अहमदनगरचे सुपुत्र शाहू मोडक यांनी केली होती. रंगभूमीवर 'भाऊबंदकी'तील आनंदीबाई त्यांनी गाजविली. १९६० च्या 'मुघल-ए-आझम'मधील त्यांची जोधाबाई तर आजही रसिकांच्या स्मरणात आहे.

व्यक्तिगत आयुष्यात मात्र दैवाने त्यांना पुनःपुन्हा कसोटीस लावले. अकाली वैधव्य आले. पुढे तरुण मुलगा हरिन याचा मृत्यूही पाहावा लागला. तरीही त्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६८ साली पद्मश्री व १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार हे सन्मान त्यांना लाभले. ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा पुरस्कार एका तारामतीस मिळावा, हा योग मोठा अर्थपूर्ण होय. २२ सप्टेंबर १९९१ रोजी दुर्गाबाईंचे निधन झाले.

घराण्याचे मोठेपण जन्माने मिळते. परंतु संकटकाळी ते पोट भरीत नाही आणि निंदेपासून रक्षणही करीत नाही. दुर्गाबाईंनी स्वकष्टाची भाकर मिळविली, हलका गणलेल्या व्यवसायास प्रतिष्ठा दिली आणि मागून येणाऱ्या कितीतरी मुलींची वाट सोपी केली. बट्टा लावल्याचा ठपका ज्यांच्यावर आला, त्यांच्यामुळेच आज ती दोन्ही कुळे महाराष्ट्राला ठाऊक आहेत.