घंटा नाशिकला, मनोरा वसईला

मी नाशिकचा. पंचवटीत गोदाकाठी नारोशंकराचं देऊळ आहे, त्याच्या भिंतीवरची ती मोठी घंटा मी लहानपणापासून बघत आलोय. चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हाच्या लुटीतली, एवढंच घरी सांगितलेलं. त्यापुढे कधी डोकं चालवलं नव्हतं.

हॉस्टेलवरचा माझा रूममेट वसईचा, ख्रिश्चन. सेकंड इयरची सबमिशन्स संपली त्या रविवारी त्याने मला जबरदस्तीने उठवलं आणि अंधेरीहून विरार लोकलमध्ये बसवलं. वसई रोडला उतरून रिक्षाने किल्ला. मला वाटलं, एक बुरूज, दोन तोफा, फोटो काढले की झालं. आत शिरलो तर चर्चच चर्च! फ्रान्सिस्कनांचं, जेझुइटांचं, डोमिनिकनांचं. छपरं गेलेली, भिंतींतून पिंपळ फुटलेले, जमिनीत पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्याच्या शिळा. सेंट जोसेफच्या मनोऱ्यात एक अरुंद गोल जिना आहे. मोबाईलच्या उजेडात चढलो. वर घंटेची जागा रिकामी. तो काहीच बोलला नाही, मीही नाही. पण मला पंचवटी आठवली. ही तीच घंटा असा माझा दावा नाही, पण नाशिकच्या घंटेवर 1721 साल आहे, आणि ती अशाच कुठल्यातरी मनोऱ्यातून उतरवलेली आहे.

परत आल्यावर लायब्ररीत चिमाजी आप्पा शोधून वाचले. परीक्षेसाठी नव्हे, म्हणून बहुतेक लक्षात राहिले.

बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचा हा धाकटा मुलगा. 1720 मध्ये वडील गेले आणि थोरल्या बाजीरावाला पेशवाई मिळाली. तेव्हापासून दादा पुढे आणि हा मागे, असंच आपण समजतो. प्रकृती पहिल्यापासून नाजूक, छातीचं दुखणं कायमचं. तरी 1728 मध्ये माळव्यात अमझेऱ्याला मोगल सुभेदाराचा पराभव केला, 1736 मध्ये अलिबागजवळ सिद्दी साताला बुडवलं. 1730 मध्ये मुलगा झाला आणि महिन्याभरात बायको रखमाबाई वारली. आजी राधाबाईंनी वाढवलेला तो मुलगा म्हणजे पानिपतचे सदाशिवरावभाऊ.

आता वसई. आपण राहतो ती अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी साष्टी बेटावरची गावं. 1534 पासून इथे पोर्तुगीज अंमल. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यातल्या देवाच्या जागी चर्च झालं होतं. जाचाला कंटाळून अणजूरच्या गंगाजी नाईकांसारखी माणसं पेशव्यांकडे मदत मागायला गेली. 1737 मध्ये ठाणं घेतलं, पण वसई हटेना. तीन बाजूंना पाणी आणि दलदल, वार करायला जागा फक्त उत्तरेकडे. फेब्रुवारी 1739 मध्ये आप्पा स्वतः येऊन बसले. समुद्रात मानाजी आंग्रे, गोव्यात मेहुणे व्यंकटराव घोरपडे, म्हणजे तिकडून कुमक येण्याची सोय नाही. पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांकडे हात पसरले, तर त्यांनी चर्चची चांदीची भांडी गहाण ठेवून घेऊन 15,000 रुपये दिले!

सिव्हिलवाल्यांनी पुढचं नीट वाचावं. तटाखाली सुरुंग खणायचे, दारू भरायची आणि एकाच वेळी उडवायचे, असा बेत होता. खणणाऱ्यांवर वरून गोळे, दगड, पेटती दारू. मे महिन्यात बत्ती दिली तेव्हा काही सुरुंग वेळेवर उडाले, भगदाड पडलं, आपली माणसं आत घुसली आणि मग उशीर झालेला सुरुंग त्यांच्याच पायाखाली उडाला. आपलं टायमिंग चुकलं तर व्हायवात मार्क जातात. तिथे माणसं गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला, सेबस्तियनचा बुरूज घेतला आणि मग किल्ल्यावरून पांढरं निशाण आलं.

मला खरा चिमाजी इथे दिसला. आपली हजारो माणसं पडलेली, सैन्य चिडलेलं, किल्ला मुठीत. अशा वेळी त्यांनी तहात काय दिलं? सुमारे आठवड्याची मुदत. शिबंदीने हत्यारांसह, मानाने बाहेर पडावं. बायकामुलं आणि सामान घेऊन ज्याला जायचं त्याने जावं. मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक. मे महिना संपायच्या आत पोर्तुगीज निघून गेले. घंटा मात्र उतरवल्या गेल्या आणि देवळांत पोचल्या.

पुढच्या वर्षी, एप्रिल 1740 मध्ये बाजीराव गेले, डिसेंबरमध्ये आप्पा. वयाची पस्तिशीही गाठली नव्हती.

हे सगळं मी रूममेटला सांगितलं. तो म्हणाला की तहात ती मोकळीक होती म्हणूनच कदाचित त्याचं घराणं अजून वसईत आहे, पण मनोरा रिकामा आहे हेही खरंच आहे. मी मंडपेश्वरचं काढलं, त्याने मान्य केलं. मग त्यानेच सांगितलं की सगळी पडझड काही मराठ्यांनी केलेली नाही. 1780 मध्ये इंग्रजांनी पुन्हा तोफा डागल्या, बाकीचं पावसाने आणि झाडांनी केलं. आणि आपल्या सीप्झमधलं 1579 चं सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च तर लढाईत पडलंच नाही. 1840 मध्ये साथ आली आणि लोक ते सोडून मरोळला गेले.

वाद मिटला नाही, पण भांडणही झालं नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो माझ्याबरोबर नाशिकला आला. नारोशंकराच्या देवळाखाली उभा राहून मान वर करून बराच वेळ बघत राहिला आणि 1721 हा आकडा त्यानेच आधी वाचला. मग आम्ही मिसळ खायला गेलो.