जपानला महामंदीतून बाहेर काढलं, पण लष्कराचा खर्च आवरायला गेले आणि जीव गमावून बसले

१९२९ साली अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि त्याची झळ जपानच्या खेड्यापाड्यांत पोहोचली. तेव्हाचा जपान आजच्यासारखा श्रीमंत नव्हता. तिथले लाखो शेतकरी रेशमाचे किडे पाळायचे आणि त्यातलं बरंचसं रेशीम अमेरिकेत जायचं. गिऱ्हाईकच अडचणीत आलं, तसे रेशमाचे भाव पडले. कर्जापायी मुली विकायची वेळ काही घरांवर आली.

या खड्ड्यातून देशाला बाहेर काढलं ते ७७ वर्षांच्या कोरेकियो ताकाहाशी यांनी.

त्यांचा जन्म १८५४ चा. अनौरस मूल म्हणून ते दुसऱ्या घरात दत्तक गेले. १८६७ मध्ये कोवळ्या वयातच शिकायला अमेरिकेला गेले. तिथे न वाचता सही केलेला कागद वेठबिगारीचा करार निघाला. त्यातून सुटून ते मायदेशी परतले, इंग्रजी शिकवलं, देशाचं पेटंट कार्यालय उभं केलं. मग नोकरी सोडून पेरू देशातल्या चांदीच्या खाणीत उतरले. खाणीत चांदी उरलीच नव्हती. होतं नव्हतं ते गेलं.

१८९२ मध्ये बँक ऑफ जपानच्या नव्या इमारतीच्या बांधकामावर देखरेख करायची नोकरी मिळाली. त्याच बँकेचे पुढे ते गव्हर्नर झाले. रशियाशी युद्ध पेटलं तेव्हा लंडन आणि न्यूयॉर्कमधून कर्ज उभं केलं. १९२१ मध्ये पंतप्रधानही झाले. पाडलं तरी पुन्हा उभी राहणारी दारुमा बाहुली जपानमध्ये प्रसिद्ध आहे. लोक त्यांना दारुमाच म्हणायचे.

डिसेंबर १९३१ मध्ये ते पुन्हा अर्थमंत्री झाले. आधीच्या सरकारने १९३० मध्ये येनची किंमत सोन्याशी बांधली होती आणि ती टिकवण्यासाठी खर्च कापला होता. मंदीत खर्च कापला की लोकांच्या हातात पैसा राहत नाही, दुकानं ओस पडतात, कारखाने बंद पडतात. ताकाहाशींनी पदावर येताच सोन्याची निर्यात थांबवून ही गाठ सोडली. वर्षभरात येन डॉलरच्या तुलनेत निम्म्याहून जास्त घसरला आणि जपानी माल जगात स्वस्त झाला.

दुसरं पाऊल म्हणजे सरकारी खर्च. गावांत रस्ते, कालव्यांची कामं काढली. पैसा आणला सरकारी रोखे थेट बँक ऑफ जपानला विकून. काही वर्षांतच कारखाने पुन्हा धडधडू लागले. मंदीत सरकारने खर्च का वाढवावा हे सांगणारं केन्सचं गाजलेलं पुस्तक आलं १९३६ मध्ये. ताकाहाशींनी ते आधीच करून दाखवलं होतं.

याचा फटका इतरांनाही बसला. स्वस्त जपानी कापड भारतात येऊ लागलं. १९३३ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली, तेव्हा जपानी गिरण्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार टाकला. रुपया मात्र पौंडाला बांधलेला. जपानसारखा स्वतःच्या चलनाचा निर्णय घ्यायची मुभा भारताला नव्हती.

पण खरी परीक्षा पुढे होती. वाढलेल्या खर्चातला मोठा वाटा लष्कर खात होतं. गाडी रुळावर आल्यावर ताकाहाशी म्हणू लागले की आता कर्ज कमी करायला हवं, नाहीतर महागाई भडकेल. लष्कराच्या मागण्यांना त्यांनी कात्री लावली.

२६ फेब्रुवारी १९३६ च्या पहाटे टोकियोत बर्फ पडत होता. बंडखोर लष्करी अधिकारी त्यांच्या घरात घुसले आणि ८१ वर्षांच्या ताकाहाशींना अंथरुणातच गोळ्या घालून, तलवारीचे वार करून मारलं.

त्यांच्यानंतर लष्कराला अडवणारं कुणी उरलं नाही. रोखे विकून पैसा उभा करायची तीच पद्धत युद्धासाठी वापरली गेली, आणि युद्ध संपल्यावर महागाईने लोकांची बचत खाऊन टाकली.

मंदीत तिजोरी उघडायला धाडस लागतंच. पण ती वेळेवर बंद करायची ताकदही सरकारकडे असावी लागते. ताकाहाशींना पहिलं जमलं, दुसरं त्यांना करू दिलं गेलं नाही.